राखण कुठली, खोळंबा कुठला

पत्र : मुलगा आणि सून आयर्लंडला असतात. तो नर्स आहे, ती लॅबमध्ये. दोघांचे पासपोर्ट अजून भारतीयच आहेत. २०२१ च्या नाताळात त्यांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, तेही भारतातलंच. तिथल्या संस्थेमार्फत सगळं केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये होम स्टडी, म्हणजे घर-माणसं तपासल्याचा अहवाल, दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर चढली. तेव्हा मुलगा ४१ चा होता, सून ३८ ची. त्यानंतर एक शब्द नाही. सुनेनं चाळिशी गाठली की देत नाहीत म्हणे, खरं का? आमच्या चर्चच्या भगिनी मंडळात एक म्हणाली, विश्वास कमी पडतोय, बायबलमधल्या निपुत्रिक हन्नासारखं रडून मागा. दुसरीनं एका नर्सिंग होममधल्या बाईचा नंबर दिला, चार लाखांत काम होईल म्हणाली. माझी निपाणीची लेक तिसऱ्यांदा गरोदर आहे, ती म्हणते दादाला माझं देते. आणि सून आता रविवारी फोनवरच्या कौटुंबिक प्रार्थनेला बसत नाही. बाळासाठी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतलीय. पण मी इथं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बसून आणखी काय करू?

उत्तर :

मावशी, आधी वयाचं सांगून टाकू, म्हणजे एक काळजी तरी मिटेल. चाळीसचा आकडा एकट्यानं तान्हं बाळ दत्तक घेणाऱ्यासाठी आहे. जोडप्याच्या बाबतीत दोघांच्या वयाची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ च्या आत हवी, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठला १००, त्यापुढे ११०. वय धरतात ते नोंदणीच्या तारखेचं. ४१ आणि ३८ म्हणजे ७९. चाळिसाव्या वाढदिवसाचा केक सुनेला सुखानं कापू द्या.

आता किती वर्षं झाली, त्याकडे बघू. तुमच्या घरातली मोजणी २०२१ च्या नाताळापासून चाललीय. दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची, म्हणजे ज्याला सगळे 'कारा' म्हणतात त्याची मोजणी, परदेशातल्या जोडप्यासाठी होम स्टडी आणि कागद पोर्टलवर चढतात त्या दिवशी सुरू होते. आधीचं दीड-पावणेदोन वर्ष तिथल्या चौकशीत, भेटीत, प्रशिक्षणात गेलं, ते रांगेत धरत नाहीत. धडधाकट तान्ह्या बाळासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागणं इथं बेळगावात राहणाऱ्यांनाही चुकलेलं नाही. २०२४-२५ या वर्षात देशभरात कारामार्फत ४,५१५ मुलं दत्तक गेली. त्यातली ४,१५५ देशातच राहिली, बाहेर गेली ती ३६०. तुमच्या मुलाची फाइल कुणी कोपऱ्यात टाकलेली नाही. रांगच लांब आहे.

पण रांग लांब आहे म्हणून गप्प बसायचं, असंही नाही. या वाट बघण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्यात, त्या आधी निवडून घ्या. एक राखण आहे, म्हणजे बाळाच्या भल्यासाठी लागणारा वेळ, दुसरा खोळंबा, म्हणजे कागद अडल्यानं जाणारा वेळ. राखणीसाठी धीर धरायचा, खोळंब्यासाठी फोन उचलायचा. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. राखणीवर चिडचिड होते आणि खोळंब्यापुढे हात जोडून 'देवाची वेळ' म्हटलं जातं.

राखण म्हणजे काय, ते बघा. बसस्टँडवर सापडलेलं मूल बालकल्याण समितीपुढं नेतात. त्याचा फोटो वर्तमानपत्रात देतात, आईबाप शोधतात. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत ते 'दत्तकासाठी मोकळं' आहे की नाही हे समितीनं ठरवायचं असतं. आईनं स्वतःहून ताब्यात दिलेलं बाळ असेल, तर तिला मन बदलायला ६० दिवस असतात. त्या ६० दिवसांत एक बाई कुठल्यातरी खोलीत पान्हा आटवत बसलेली असते आणि रोज सकाळी पुन्हा ठरवत असते. हे दिवस लवकर सरू देत, अशी प्रार्थना आपण करू नये. तिला शहाणं माणूस भेटू दे, कुणी तिच्यावर जोर करू नये, असं मागा. ती मन बदलून बाळ घरी घेऊन गेली तर तुमच्या मुलाचा नंबर मागं जात नाही, आणि तिच्या बाळाला आई मिळते.

आता खोळंबा. होम स्टडीचा अहवाल तीन वर्षं चालतो. ऑगस्ट २०२३ च्या सुमाराचा अहवाल ऑगस्ट २०२६ च्या सुमाराला संपतो. नेमका दिवस अहवालावरच्या तारखेवरून काढा, पोर्टलवर चढवल्याच्या तारखेवरून नको. आयर्लंडच्या दत्तक प्राधिकरणानं दिलेलं पात्रतेचं पत्र दोन वर्षांचं असतं, त्याला फार तर एक वर्ष वाढ मिळते. वाट तीन-चार वर्षांची आणि कागद दोन-तीन वर्षांचे, म्हणजे नंबर जवळ येतो त्याच सुमाराला कागद संपतात. सगळ्यात जास्त गाड्या इथंच अडकतात. मुलाला दोनच प्रश्न विचारा : पात्रतेच्या पत्राची वाढ घेतली का? होम स्टडीच्या नूतनीकरणासाठी सोशल वर्करची भेट कधी ठरलीय? 'बघतो आई' असं उत्तर आलं तर सोडू नका, तारीख मागा. नव्या वैद्यकीय तपासण्या, पोलिसांचा दाखला, पगाराचे कागद, पुन्हा एकदा घरभेट, यात सहा महिने सहज जातात. मधल्या काळात घर बदललं असेल, नोकरी बदलली असेल, कुणाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तर ते संस्थेला त्याच वेळी कळवायचं असतं. मूल सुचवल्यावर कळवलं की सगळं थांबतं.

आणखी एक, हे कुणी सहसा सांगत नाही. दोघांचे पासपोर्ट भारतीय आहेत म्हणून त्यांना भारतात राहणाऱ्या जोडप्यांच्या बरोबरीनं धरतात. आयर्लंडमध्ये पाच वर्षं राहणं झालं की तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि नर्स मंडळी तो करतातही. पण तो पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. मग माणूस अर्ज करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्वाचा मूळ भारतीय, होतो आणि त्याची रांगही बदलते. भारतात राहणाऱ्या आणि अनिवासी भारतीय जोडप्यांत ज्या मुलाला घर मिळालं नाही, त्याच मुलासाठी मग विचार होतो. नागरिकत्व घेऊ नये असं आम्ही म्हणत नाही. मात्र अर्ज भरण्याआधी दत्तक संस्थेला विचारलंच पाहिजे.

तुमच्या हातातलं काम म्हणजे इथले कागद. हे मात्र तुम्हीच करू शकता, डब्लिनहून ते होत नाही. मुलाचा जन्मदाखला काढून बघा. १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीच्या कागदांवर 'बेलगाम' असतं, नंतरच्यांवर 'बेळगावी'. परदेशातल्या कारकुनाला ती दोन वेगळी गावं वाटतात. त्याहून मोठा घोटाळा नावांचा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत शमुवेल, शाळेच्या दाखल्यावर सॅम्युएल, कानडी जन्मदाखल्यात तिसरंच काही, आणि पासपोर्टवर बापाचं नाव आडनावाच्या जागी. आपल्या ख्रिस्ती घरांत हे सर्रास असतं. 'ही सगळी नावं एकाच माणसाची' असं सांगणारं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. दाखला जुना, हातानं लिहिलेला, फक्त कानडीत असेल तर नवी संगणकीय प्रत मागा. नाही मिळाली तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. लग्न चर्चमध्ये झालं असेल तर मंडळीच्या नोंदवहीतला उतारा पाळकसाहेबांकडून घ्या आणि त्यावरच्या तारखा पासपोर्टशी ताडून बघा. कुठल्या कागदाला ॲपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का, लागेल ते संस्थेला आधी विचारा. बेंगळूरुची फेरी दोनदा नको.

आता तो नर्सिंग होमचा नंबर. मावशी, तो फोनमधून काढून टाका आणि देणाऱ्या बाईंनाही समजावून सांगा. मूल विकणं आणि विकत घेणं, दोन्हीला बाल न्याय कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ते बाळ आयर्लंडला जाणार कसं? काराचं ना हरकत प्रमाणपत्र नाही, म्हणजे व्हिसाही नाही. चार लाख जातील, बाळ पोलिसांमार्फत समितीपुढं जाईल आणि मुलाची पोर्टलवरची नोंदणीही धोक्यात येईल. खऱ्या प्रक्रियेत पैसे लागतात, पण त्यांचा तक्ता ठरलेला आणि छापलेला आहे. पावतीशिवाय कुणी मागितले की तिथंच थांबायचं.

निपाणीच्या लेकीचं मन मोठं आहे. कायदाही तिला पूर्ण आडवा येत नाही : बाल न्याय कायद्याच्या 'नातेवाईक' या व्याख्येत काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा बसतात. म्हणजे मामा भाच्याला दत्तक घेऊ शकतो. पण ते कोर्टासमोर टाइप करून मिळणाऱ्या स्टॅम्पपेपरवरच्या दत्तकपत्रानं होत नाही. शेजारच्या हिंदू घरात तसं झालेलं तुम्ही बघितलं असेल. तो १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शिखांसाठी आहे, आपल्याला लागू नाही. पूर्वी ख्रिस्ती माणसाला १८९० च्या कायद्याखाली नुसता पालक होता यायचं, आणि मूल सज्ञान झालं की ते पालकत्वही संपायचं. आता बाल न्याय कायद्यानं कुठल्याही धर्माच्या माणसाला पूर्ण दत्तक घेता येतं, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. मात्र त्यासाठी जन्मदात्यांची लेखी संमती, जिल्हा बाल संरक्षण घटकाचा अहवाल, आयर्लंडची मंजुरी, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, काराचं ना हरकत, हे सगळं लागतंच. वेळ वाचेल असं समजू नका.

यात आमची एक आडकाठी आहे. पोटातल्या बाळाबद्दल शब्द घेऊ नका. बाळंतपणानंतर लेकीचं मन फिरलं, तर तिला भावाचा शब्द मोडल्याचा अपराध वाटेल आणि सुनेचं बाळ हातचं जाईल. तुम्ही दोघींची आई. लेकीला आजच सांगा, 'तुझं बाळंतपण नीट होऊ दे, हा विषय वर्षभर काढायचा नाही.'

राहिली सून. खरं तर तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तिच्याबद्दलचंच होतं, आणि ते तुम्ही शेवटी लिहिलंत.

भगिनी मंडळात हन्नाचं नाव निघालं. शमुवेलाच्या आईची गोष्ट सुनेनं लहानपणापासून ऐकली असणार. जिला मूल होत नाही तिला प्रत्येक चर्चमध्ये ती ऐकवतात, आणि दर वेळी तिचा अर्थ एकच निघतो : नीट रडलीस की कूस उजवते. सून बाळाला जन्म देण्यासाठी थांबलेली नाही. तिनं तो दरवाजा स्वतःच्या हातानं लावलाय आणि दुसऱ्या दारात उभी आहे. तिला पहिल्या दाराची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं हा छळ आहे, मग हेतू कितीही चांगला असो. शिवाय त्यात नवसाचा सौदा शिरतो. अमुक उपास केला, आता फाइल हलली पाहिजे. फाइल हलली नाही की हिशेब सुनेच्या विश्वासावर येतो.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात हन्ना दोन आहेत. दुसरी लूकच्या दुसऱ्या अध्यायात. चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, मंदिर सोडून न जाणारी, जे बाळ तिच्या पोटचं नाही त्याची आयुष्यभर वाट बघणारी. मंडळातल्या बायकांना ती का आठवत नाही, कोण जाणे. मावशी, या घरात ती जागा तुमची आहे. रडून मागायचं काम सुनेवर टाकू नका. मंदिरात थांबायचं काम तुम्ही घ्या.

आणि विश्वास कमी पडतोय म्हणणाऱ्या बाईंना रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढून दाखवा, तेविसावी ओवी. पौलानं दत्तकपण, वाट पाहणं आणि कण्हणं हे तिन्ही एकाच वाक्यात घातलंय. दत्तकपणाची वाट बघणारी माणसं कण्हतात असं तो लिहितो, आणि ती आत्म्याचं प्रथमफळ मिळालेली माणसं आहेत. कण्हणाऱ्यांना तो दोष देत नाही. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोनच ओव्यांत चार वेळा 'कोठवर' विचारलंय. तेवढं तर सुनेनंही अजून विचारलेलं नसेल.

म्हणून रविवारच्या फोनचं असं करा. दत्तकाची विनंती त्या प्रार्थनेतून काढून टाका. अगदी काढून टाका. दर आठवड्याला पाच माणसांसमोर आपली रिकामी ओंजळ दाखवायची पाळी येते म्हणून ती बसत नाही, आमचा अंदाज आहे. फोनवर पावसाचं बोला, काजूचं बोला, कुणाच्या लग्नाचं बोला, एक स्तोत्र वाचा, संपवा. बाळासाठीची प्रार्थना तुम्ही वेगळी करा, आठवड्यातून एक वार ठरवून, आणि तीही नेमकी : एका आठवड्यात त्या अनोळखी आईसाठी, पुढच्या आठवड्यात शिशुगृहातल्या रात्रपाळीच्या आयासाठी, त्यापुढच्या आठवड्यात बालकल्याण समितीच्या सदस्यांसाठी, ज्यांच्या सहीशिवाय मूल मोकळं होत नाही. भगिनी मंडळात 'काही कळलं का?' विचारणं बंद करायला सांगा. कळेल तेव्हा तुम्हीच सांगाल. सुनेला वेगळा फोन करा आणि फक्त म्हणा, 'मी करतेय प्रार्थना, तू दमलीस तर थांब.' नाताळाच्या आधीच्या आगमनकाळात, मुलांची नाटुकली असते त्या रविवारी, तिला व्हिडिओ कॉलवर आणू नका.

एक दिवस फोन येईलच, तेव्हा फार घाई असते. मुलाची माहिती आणि वैद्यकीय अहवाल संस्थेकडे आल्यावर ते मूल राखून ठेवायला ९६ तास मिळतात, आणि राखल्यावर कागदांवर सह्या करून स्वीकारायला ३० दिवस. त्या ९६ तासांत अहवाल कुणीतरी जाणकारानं वाचायला हवा. बेळगावातला एखादा बालरोगतज्ज्ञ आत्ताच सांगून ठेवा, आणि तो सुट्टीवर असेल तर दुसरा कोण, तेही. अहवालात एकच वजन दिलं असेल तर त्यावरून काही ठरत नाही. तीन-चार वेगवेगळ्या तारखांची वजनं आणि डोक्याचा घेर मागा, वाढ कळते ती त्यावरून. सापडलेल्या मुलाची जन्मतारीख अंदाजानं लिहिलेली असते, त्यामुळे महिना-दोन महिन्यांच्या फरकानं घाबरू नका. लसींच्या तारखा, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या तपासण्या डॉक्टर बघतीलच. आणि तो फोटो. सुंदर असेल. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, मुलाची ओळख उघड करण्यावर कायद्यानं बंदी आहे. देवघरात, म्हणजे तुमच्या बायबलमध्ये ठेवा.

पुढं काराचं ना हरकत, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (२०२२ पासून कोर्टात जावं लागत नाही), मग पासपोर्ट, मग व्हिसा. आयर्लंडला पोचल्यावर दोन वर्षांत सहा अहवाल जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

मूल कदाचित दीड-दोन वर्षांचं असेल, कदाचित ओडिया किंवा तेलुगू कानावर पडलेलं. कानडी असेल तर तुमचं फावलंच. पहिले काही आठवडे त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं फक्त त्या दोघांनी करायचं. तुमच्या मांडीवर ते झोपलं तर तुम्हाला आनंद होईल, पण त्याला अजून 'कोण आपलं' हे ठरवायचं असतं आणि दहा मांड्यांवर फिरलेलं मूल ते ठरवू शकत नाही. बाप्तिस्म्याचा मोठा कार्यक्रम, मटण, शंभर पाहुणे, हे पहिल्या भेटीत नको. संस्थेतून निघताना त्याच्या पांघरायच्या कापडाचा एक तुकडा न धुता मागून घ्यायला सुनेला सांगा. पहिल्या रात्री तो वास उशाशी लागतो.

तुम्ही जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतलीय असं पत्रात एका ओळीत लिहिलंत. शिवा. लहान शिवा, तीन फूट बाय चार फूट, विमानात हातातल्या पिशवीत मावेल अशी. टाके बारीक घाला, पोरं दोऱ्यात बोटं अडकवतात. आणि एका कोपऱ्यात वीतभर जागा रिकामी ठेवा, न शिवता. तो न धुतलेला तुकडा तिथं बसेल.